आधी माले इचारा

या वेळचं पत्र अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून आलंय. पत्र म्हणजे वहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो. अक्षर दहावीतल्या पुतणीचं आहे आणि बोलणं तिच्या काकाचं. तिने वरच लिहून टाकलंय, 'काका बोलला तसंच लिहिलंय, मी माझं काही घातलं नाही.' काका 27 वर्षांचे आहेत. पत्र मोठं होतं, थोडक्यात देते.

'माझं नाव छापू नका, दुकानवाला भाऊ लिहा. मी मोठ्या भावाच्या किराणा दुकानात काम करतो. माल लावतो, पुड्या बांधतो, काट्यावर वजन करतो. माझ्या दिव्यांगाच्या कार्डावर बौद्धिक अक्षमता लिहिलंय. गिऱ्हाईक माझ्यासमोर भावाला विचारतं, याला समजतं का काही. लहान पोरंपण मला अरे म्हणतात. मागच्या वर्षी ग्रामपंचायतीने दिव्यांगांच्या पैशातून आम्हाला सगळ्यांना ब्लँकेट दिलं. घरात चार ब्लँकेट आहेत. मला काटा पाहिजे होता, बाजाराच्या दिवशी कांदे-बटाटे विकायला. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी उठलो तर एक जण बोलला, बस रे भो, तुले काय समजस, तुन्हा भाऊले धाड. सगळे हसले. भाऊ घरी आल्यावर बोलला आपली इज्जत घालवली. माले समजस. हळू समजस, पन समजस. 15 ऑगस्टला परत बोलू का नको? पासबुक पण भाऊकडे असतं. मला माझ्याकडे पाहिजे.'

खाली पुतणीने बारीक अक्षरात स्वतःची एक ओळ टाकलीय, की बाबांना कोणीतरी सांगितलंय कलेक्टर ऑफिसमधून पालकत्वाचा कागद काढून घ्या म्हणजे याच्या सहीची भानगडच नको, तर ते खरं का.

बेटा, आता हे उत्तर काकांना वाचून दाखव. हळू वाच. एकेक पॅरा झाला की थांब आणि विचार, काका समजलं का, परत वाचू का. पहिला भाग त्यांच्यासाठीच लिहिलाय म्हणून वाक्यं लहान ठेवलीत. तुझ्या बाबांसाठी पुढे वेगळं लिहिलंय, ते त्यांनी स्वतः वाचावं, पण काकांसमोर वाचावं, पाठीमागे नको.

दुकानवाले भाऊ, नमस्कार.

मी तुम्हाला तुम्ही म्हणणार. तुम्ही 27 वर्षांचे आहात. कमावता आहात.

तुम्ही विचारलं, 15 ऑगस्टला बोलू का? माझं उत्तर आहे, हो. बोला.

तुम्ही मतदान केलंय का? बोटाला शाई लागली होती का? मग ऐका. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य असतो. ग्रामपंचायतीचे मेंबर वेगळे. ते निवडून येतात. पण ग्रामसभा सगळ्या गावाची असते. तुमच्या भावाची जेवढी, तेवढीच तुमची. तुमच्या जागी भावाला धाडायची गरज नाही. भाऊ त्याच्या जागी बसेल, तुम्ही तुमच्या.

मतदान केलं नसेल, यादीत नाव नसेल, तर आधी ते काम करा. फॉर्म 6 भरायचा. पुतणी मदत करेल. 'याला समजत नाही' असं शेजारी म्हणाला, सरपंच म्हणाले, भाऊ म्हणाला, म्हणून नाव अडवता येत नाही. ते फक्त कोर्ट ठरवू शकतं. तुमच्या बाबतीत कोर्टाने असं काही ठरवल्याचं पत्रात नाही.

आता ब्लँकेट. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के पैसे दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. महाराष्ट्रात तसा नियम आहे. ते पैसे उपकार म्हणून दिलेले नाहीत. त्या पैशाचं काय करायचं हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. ब्लँकेट वाटणाऱ्याने तुम्हाला विचारलं नाही. चूक तिथे झाली. तुमचं उठणं चूक नव्हतं.

हसले म्हणून वाईट वाटलं असेल. वाटणारच. मला पत्र वाचून वाईट वाटलं, रागही आला. पण तुम्ही परत उठायचं म्हणताय हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं.

आता तयारी कशी करायची ते सांगते.

एकच गोष्ट बोलायची. काटा. त्या दिवशी पासबुक नाही, अरे-तुरे नाही, रस्ता नाही. फक्त काटा. तीन वाक्यं पुरतात. 'मी अमुक. मला मागच्या वर्षी ब्लँकेट मिळालं, पण मला न विचारता दिलं. या वर्षी मला वजनकाटा पाहिजे, मी बाजारात माल विकणार आहे.' ही माझी वाक्यं झाली. तुम्ही तुमची करा. अहिराणीत बोला, गाव तुमचंच आहे. 'आधी माले इचारा, मंग द्या' एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळेल.

रोज दुकान बंद केल्यावर एकदा उभं राहून मोठ्याने म्हणा. पुतणी समोर बसेल. वहिनी बसतील. मध्येच विसरायला झालं तर खिशात कागद ठेवा. कागदावर तीन चित्रं काढा. ब्लँकेट, त्यावर फुली. मग काटा. मग कांदा. चित्र बघितलं की वाक्य आठवेल. मोठमोठे पुढारी कागद बघून बोलतात, तुम्ही बघितला तर काही बिघडत नाही.

बोलण्याआधी अर्ज द्या. हे महत्त्वाचं आहे. ग्रामसभेची नोटीस लागायच्या आत ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे अर्ज द्यायचा. तुम्ही सांगा, पुतणी लिहील. मग ती वाचून दाखवेल. जे तुम्ही बोलला नाहीत ते खोडायला सांगा. मग सही करा. सही येत नसेल तर अंगठा. एक कॉपी स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. पोच नसलेला अर्ज हरवतो, हे खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

सभेत पुढे बसा. मागे बसलं की आवाज पोहोचत नाही आणि लोक वळून बघतात. शेजारी कोण बसवायचं ते तुम्ही निवडा. त्या माणसाने तुमच्या ऐवजी बोलायचं नाही. तुम्ही अडलात तर फक्त कागदावर बोट ठेवायचं. पुतणी 18 ची नाही म्हणून ती ग्रामसभेची सदस्य नाही, पण दुसरं कोणी मोठं माणूस चालेल. दुकानावर रोज येणारा, तुमच्याशी नीट बोलणारा कोणीतरी असेलच ना. त्याला विचारा.

कोणी 'बस रे' म्हटलं तर बसू नका. म्हणा, 'माझं तीन वाक्य आहे, झालं की बसतो.' हे पण प्रॅक्टिसमध्ये घ्या. पुतणीला मुद्दाम 'बस रे' म्हणायला लावा.

आणि शेवटी म्हणा, 'हे लिहून घ्या.' सभेत जे होतं ते प्रोसिडिंगच्या वहीत लिहितात. जे लिहिलं नाही ते पुढच्या महिन्यात कोणाला आठवत नाही.

अजून एक. ब्लँकेट किती जणांना मिळालं होतं? पाच? सात? त्यांना भेटा. सभेच्या आधी भेटा. विचारा, तुम्हाला ब्लँकेट पाहिजे होतं का? कोणाला पाहिजे असेल, तर ठीक आहे. कोणाला काठी पाहिजे असेल, कोणाला शाळेत जायला रिक्षाचे पैसे. एखादी मुलगी बोलताना अडखळत असेल तर तिला वेळ द्या. तुम्हाला कोणी वेळ दिला नाही म्हणून तुम्हाला माहितीये कसं वाटतं. एकटा उठला की लोक हसतात, चार जण उठले की सरपंच खुर्चीत सरळ बसतात.

तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. 50 वर्षं होऊन गेली. अमेरिकेत ओरेगॉन नावाचं राज्य आहे. तिथल्या काही लोकांना, तुमच्यासारखंच हळू समजायचं, शेजारच्या कॅनडात एका मोठ्या मीटिंगला नेलं होतं. मीटिंग त्यांच्यासाठीच होती, असं सांगितलं होतं. तिथे गेल्यावर स्टेजवर सगळे दुसरेच. अधिकारी बोलले, तज्ज्ञ बोलले, हे बसून राहिले. परत आल्यावर ते म्हणाले, अशी मीटिंग आपण आपली घेऊ. 1974 साली सेलम नावाच्या शहरात ते जमले. नाव काय ठेवायचं यावर चर्चा झाली तेव्हा एक जण म्हणाला, मला सारखं मतिमंद मतिमंद म्हणतात, मला आधी माणूस म्हणून ओळखा. त्यावरून नाव ठेवलं, पीपल फर्स्ट. आधी माणूस. आता अशा मंडळ्या खूप देशांत आहेत. सुरुवात झाली ती चार जणांना बसून राहायचा कंटाळा आला तिथून.

पासबुकाचं. खातं तुमच्या नावाचं आहे ना? मग पासबुक तुमचं आहे. 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय, दिव्यांग माणसाला आपले पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क आहे. पण एकदम भांडू नका. भावाला म्हणा, पुढच्या वेळी बँकेत मला घेऊन चल. पासबुक माझ्या हातात राहील, स्लिप मी देईन, तू शेजारी उभा राहा. आधी 200 रुपये काढा. ते कशाला खर्च झाले ते वहीत लिहा किंवा चित्र काढा. दुकानात तुम्ही सुट्टे पैसे देताच ना? मग हे पण जमेल. एटीएमचा पिन नंबर मात्र कोणाला सांगायचा नाही. फोनवर तर अजिबात नाही, कितीही गोड बोलला तरी.

इथे थांबा. चहा घ्या. काही विचारायचं असेल तर पुतणीला लिहून ठेवायला सांगा.

आता मोठे भाऊ, तुमच्यासाठी.

तुमच्यावर चिडून लिहीत नाहीये हे आधी सांगते, कारण पत्रात तुमच्याबद्दल एकही वाईट शब्द नाही, उलट दोन ठिकाणी लिहिलंय की भाऊ मला दवाखान्यात नेतो आणि दिवाळीला माझे कपडे माझ्या आवडीच्या रंगाचे घेतो, आणि वडील गेल्यावर दुकान, आई, लेकरं आणि हा भाऊ असं सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर पडलंय हेही दिसतं. म्हणून ग्रामसभेत लोक हसले तेव्हा तुम्हाला काय झालं असेल याचा अंदाज आहे मला. पण इज्जत कोणी घालवली हे एकदा शांतपणे बघा. एक माणूस उभं राहून गावाच्या पैशाबद्दल सरळ प्रश्न विचारत होता आणि बाकीचे हसत होते, यात खाली मान कोणी घालायची?

माझ्या घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, आता चाळिशीला आलाय, बोलतो पण थोडं आणि उशिरा. काही वर्षांपूर्वी तो दोन दिवस जेवेना म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून विचारलं कुठे दुखतंय, आणि त्याने तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळी झाले की पोटात, कारण त्याला नेहमी पोटाचाच त्रास असतो. पोटाची औषधं सुरू झाली. तिसऱ्या रात्री तो गालावर हात दाबून भिंतीला डोकं लावून बसला होता तेव्हा कळलं की दाढ किडलीय, आतून पू झालाय. तीन दिवस त्याने ते सोसलं ते माझ्या घाईमुळे. त्याला सांगता येत नव्हतं असं नाही हो, मी सांगू दिलं नाही. तेव्हापासून त्याला कोणी काही विचारलं की मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजते, आणि बऱ्याच वेळा पंधरा-सोळाला त्याचं उत्तर येतं. वीसपर्यंत शांत बसणं फार अवघड जातं, समोरचा माणूस आपल्याकडेच बघत असतो, तरी बसायचं. दुकानात तुम्ही हे उद्यापासून करू शकता. गिऱ्हाईकाने तुम्हाला विचारलं 'याला समजतं का', तर उत्तर देऊ नका, भावाकडे हात करा आणि म्हणा, त्यालाच विचारा ना. आठ-पंधरा दिवसांत गिऱ्हाईकाला सवय लागते.

पालकत्वाच्या कागदाचं. असा कागद असतो हे खरंय. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, कलेक्टर तिचे अध्यक्ष, आणि 18 वर्षांच्या पुढच्या व्यक्तीसाठी पालक नेमायचा अर्ज तिथे करता येतो. ज्याला अगदीच काही सांगता येत नाही, ज्याची काळजी घ्यायला माणूस नेमणं भागच आहे, अशा घरांना त्याचा आधार वाटतो आणि ते मी समजू शकते. पण तुमचा भाऊ तसा नाहीये. तो वजन करतो, पैसे मोजतो, पत्र सांगतो, काय पाहिजे आणि का पाहिजे ते सांगतो. आणि 'सहीची भानगड नको' म्हणून काढायचा तो कागदच नव्हे. 2016 च्या कायद्याने तर दिशाच बदललीय, आधी मदत द्या, माणसाला निर्णय घेता येईल अशी मदत, आणि तरीही अडलंच तर मर्यादित पालकत्व, म्हणजे ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्यातही दोघांनी मिळून, त्याच्या इच्छेप्रमाणे ठरवायचं. मदत करणारा माणूस बदलायचा हक्कसुद्धा त्याला आहे. शिवाय ज्या व्यवहारात मदतनीसाचा स्वतःचा फायदा-तोटा गुंतलाय त्या व्यवहारात त्याने बाजूला व्हायचं असतं. म्हणजे उद्या वडिलांच्या शेताच्या वाटणीचा, सातबाऱ्यावरच्या नावाचा विषय निघाला तर त्याला समजावून सांगणारा माणूस तुमच्याशिवाय दुसरा कोणीतरी लागेल, मामा असेल, गावातले गुरुजी असतील, वकील असेल, त्याला ज्याच्यावर भरवसा आहे तो. हे मी तुमच्यावर संशय म्हणून लिहीत नाहीये. उलट असं केलं तर उद्या भाऊबंदकीत कोणी तुमच्याकडे बोट दाखवू शकणार नाही. ज्यांनी तुम्हाला तो कागद सुचवला त्यांना एवढंच विचारा की याच्या सहीची अडचण नेमकी कोणाला होतेय.

आईला वाटत असेल माझ्यानंतर याचं कसं होणार. प्रत्येक आईला वाटतं, माझीही आई रात्री उठून बसायची. पण जो माणूस स्वतः सांगू शकतो की मला हे पाहिजे, हे नको, मला अमुक त्रास देतो, तो आईनंतर जास्त सुरक्षित राहतो. गप्प बसायची सवय लागलेल्याला कोणी फसवलं, कोणी अंगाला हात लावला, तरी तो सांगत नाही, कारण आपलं ऐकलं जात नाही हेच तो आयुष्यभर शिकलेला असतो. मला सगळ्यात जास्त भीती या गोष्टीची वाटते. म्हणून ग्रामसभा आणि काटा हे मला लहान विषय वाटत नाहीत, तिथे त्याची सवय होतेय.

तुमच्याकडे कानबाई, खान्देशातली श्रावणातली देवी, बसते का? श्रावणात रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गहू घेताना घरातल्या माणसांच्या नावाने मुठी धरतात, त्यात याच्या नावाची मूठ असते ना? तेव्हा कोणी म्हणत नाही की याला काय समजतं, याची मूठ कशाला. रोटांना सगळी भाऊबंदकी एका घरात असते, काका असतात, आत्या असतात. तेव्हा त्याला सगळ्यांसमोर ती तीन वाक्यं बोलू द्या. घरच्यांसमोर एकदा बोलून झालं की गावासमोर पाय कमी थरथरतात. आणि बोलून झाल्यावर कोणी टाळ्याबिळ्या वाजवू नका, लहान मुलाने कविता म्हटल्यासारखं होतं ते. त्याला प्रश्न विचारा. काटा केवढ्याचा येतो, कांदा कुठून घेणार, उरला तर काय करणार. ज्याचं म्हणणं आपण मनावर घेतो त्यालाच आपण प्रश्न विचारतो.

राहिला तो 'बस रे भो' म्हणणारा. 2016 च्या कायद्यात कलम 92 आहे, दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा होऊ शकते. हे तुम्हाला माहीत असावं, आणि त्यालाही कळलेलं बरं. पण पहिल्याच झटक्याला पोलिसांत जा असं मी म्हणणार नाही. एका गावात राहायचंय, त्याच रस्त्याने रोज जायचंय, बऱ्याचदा असा माणूस खरंच विचार न करता बोललेला असतो. आधी सरपंचांना भेटा, दोघं भाऊ मिळून भेटा, आणि एवढंच मागा की 15 ऑगस्टला सभा सुरू होताना त्यांनी माईकवरून सांगावं, प्रत्येकाचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. नाव घ्यायची गरज नाही. एवढं करूनही तो तसंच वागला तर मग कलम आहेच. मारहाण, पैसे लुबाडणं, मुलीबाळींच्या अंगाला हात लावणं असलं काही असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी पोलीस स्टेशन.

दुकानवाले भाऊ, परत तुमच्याशी. काटा मागितला म्हणजे लगेच मिळेल असं नाही. ते म्हणतील, बघू. पुढच्या सभेत म्हणतील, निधी नाही. तेव्हा पोच दाखवायची आणि विचारायचं, या वर्षी 5 टक्क्यांचे किती रुपये झाले आणि कशाला गेले. हा प्रश्न पुतणीकडून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, लागेल. आणि काट्याची वाट बघत बसू नका. भावाला विचारा, दुकानातला जुना काटा बाजाराच्या दिवशी चार तास देतोस का. पहिल्या दिवशी दहा किलो कांदा न्या, जास्त नको.

सभा झाली की मला व्हॉइस मेसेज पाठवा. पुतणीने लिहायची गरज नाही, तुम्हीच बोला. अहिराणीत बोला. कितीही लांब असू द्या, मी पूर्ण ऐकेन.